देवकुंडची वाट झेपेल, पण ऑगस्टमध्ये नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातलं तिघांचं कुटुंब. नवरा-बायको चाळिशीत, मुलगी अकरा वर्षांची. सिंहगड दोन-तीनदा पायी चढलेला. ऑगस्टमधल्या एका शनिवारी पहाटे निघून ताम्हिणी उतरायचा, भिऱ्याहून देवकुंड धबधबा बघायचा आणि रात्री घरी परत. सगळीकडे ही वाट 'मध्यम' म्हणून सांगितली जाते, तर आम्हाला झेपेल का आणि सोबत काय घ्यावं?

पायांना झेपेल. तारीख बदला.

वीस-बावीस वर्षं मी या भागात लोकांना घेऊन जातोय. देवकुंडला निघून कुंड न बघताच परत फिरलो, असं पाच-सहा वेळा झालं. एकदाही कोणाचे पाय थकले म्हणून नाही. प्रत्येक वेळी ओढ्याने अडवलं. 'मध्यम' हा शब्द लिहिणारा माणूस चढ किती, अंतर किती, वाट किती रुंद एवढंच बघतो. ते बघितलं तर शब्द बरोबरच आहे. पण ही श्रेणी वाटेची झाली. वाटेला आडव्या येणाऱ्या पाण्याला कुणी श्रेणी देत नाही, आणि ती दर तासाला बदलते.

सिंहगडाशी तुलना करायची तर आतकरवाडीहून सिंहगड म्हणजे सुमारे सहाशे मीटरचा सरळ चढ, पण दीड-दोन तासांत संपणारा, वर पिठलं-भाकरी आणि ताक तयार. देवकुंडला चढ त्याच्या निम्माही जाणवत नाही. अंतर मात्र जाऊन-येऊन बारा-तेरा किलोमीटर, आणि त्यातलं बरंचसं ओल्या बुटांत. सिंहगडावर दम लागतो, इथे तळपाय बोलतात. जायच्या आधीच्या दोन रविवारी वेताळ टेकडीवर पाठीवर पिशवी घेऊन दहा किलोमीटर चाला, तेच बूट घालून. मुलीलाही न्या. आठव्या किलोमीटरला ती काय म्हणते त्यावरून तुमचा दिवस कसा जाणार ते कळेल.

वाट अशी आहे. चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, मग खाली विळ्याहून पाटणूसच्या बाजूने भिरा. गावात गाडी लावली की सुरुवातीचा बराच भाग भिरा धरणाच्या पाण्याकडेने जवळजवळ सपाट आहे. इथे सगळे भराभर चालतात, गप्पा मारतात, 'एवढंच होय!' म्हणतात. बाजूला पाणी, समोर कुंडलिकेच्या दरीचे कडे. हे पाणी नुसत्या पावसाचं नाही. मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीच्या माथ्यावरून खाली भिऱ्याच्या वीजघरात पडतं, आणि इथून पुढे कुंडलिकेला मिळतं. वीजघर १९२७ सालचं. ज्या मुळशीसाठी सेनापती बापट आणि मावळचे शेतकरी १९२१ पासून तीन वर्षं लढले, तेच हे पाणी. पूर्वेला भीमेकडे जायचं, ते पश्चिमेला कोकणात उतरलं. कोलाडला उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं ते याच सोडलेल्या पाण्यावर. मुलीला सांगायला गोष्ट चांगली आहे. पण एक धडाही त्यात आहे: या धरणाची पातळी पाऊस नसतानाही वरखाली होते, म्हणून काठाच्या चिखलात उतरून फोटो काढू नका.

पाण्याची कड सोडली की रान सुरू होतं. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, खाली कारवीचं दाट रान. उन्हात चालून आल्यावर इथे एकदम गार वाटतं आणि वाट अरुंद होते. मुळं, ओले दगड, मध्ये मध्ये ढोरवाटा फुटलेल्या. चुकतात लोक ते इथेच, आणि चुकणारा माणूस बहुधा उतरती वाट धरतो कारण ती सोपी दिसते. याच टप्प्यात ओढे ओलांडावे लागतात. शेवटी मोठमोठे धोंडे हातापायांनी चढून गेलं की समोर कुंड. रमतगमत तीन तास धरा, परतीला अडीच. परतीला याहूनही कमी वेळ लागेल असं गृहीत धरू नका, मुलं उतरताना जास्त घसरतात.

आता ओढ्यांबद्दल, कारण खरं उत्तर तिथेच आहे. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा लाख लिटर पाणी झालं. समजा वरच्या चार चौरस किलोमीटरवर तासाभरात साठ मिलिमीटर कोसळला. चोवीस कोटी लिटर. पावसाळ्यात जमीन आधीच पोटभर प्यायलेली असते, काही जिरत नाही, आणि खाली कातळ. ते सगळं तुम्ही सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेल्या त्या पंधरा-वीस फुटांच्या वहाळातून जायला बघतं. आणि ताम्हिणीला साठ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. जुलै २०२४ मध्ये तिथे एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात अख्ख्या पावसाळ्यात साधारण जेवढा पडतो त्याच्या आसपास.

यातली फसवी गोष्ट ही की पाऊस तुमच्या डोक्यावर पडत असेलच असं नाही. तो घाटमाथ्यावर पडतो. खाली ऊन असतं, मुलं पाण्यात पाय सोडून बसलेली असतात.

बारा-तेरा वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी चौदा जणांना घेऊन गेलो होतो. त्या काळी तिथे अशी गर्दी नसायची. जाताना ओढ्याला घोट्याएवढं पाणी. साडेअकराला कुंडाशी पोचलो, तेव्हाच वरच्या कड्यामागे आभाळ काळं झालेलं मला दिसलं होतं. तरीही 'अर्धा तास फोटो काढा' म्हणालो, कारण मंडळी खूश होती आणि मला वाईट व्हायचं नव्हतं. दोनच्या सुमारास परत ओढ्याशी आलो तर पाणी छातीला, रंग चहासारखा, आणि आतून दगड घरंगळण्याचा घुमा आवाज. एक पोरगा म्हणाला, मला पोहता येतं, दोर घेऊन पलीकडे जातो. भिऱ्याचे मामा सोबत होते, त्यांनी त्याची कॉलरच धरली. "बसा गप. जसं चढलंय तसं उतरंल." साडेसहापर्यंत बसलो, कुडकुडत, दोन पुडे बिस्किटांवर. पाणी मांडीपर्यंत उतरल्यावर मामांनी जागा शोधली, आम्ही निघालो, आणि उरलेलं रान चौदा जणांत तीन टॉर्चवर पार केलं. सगळे सुखरूप घरी गेले. चूक सर्वस्वी माझी होती, दोन्ही चुका: तो अर्धा तास आणि ते तीन टॉर्च.

मामा म्हणाले ते तेवढं खरं आहे. असे छोटे ओढे जितक्या वेगाने चढतात, पाऊस थांबला की तितक्याच लवकर, दोन-चार तासांत उतरतात. म्हणून अडकलात तर सगळ्यात शहाणपणाचं काम म्हणजे उंचावर बसून राहणं. तसं बसता यावं एवढं खाणं, एक कोरडा कपडा आणि प्रत्येकी एक टॉर्च सोबत असला की माणूस घाईने पाण्यात उतरत नाही. लोक वाहून जातात ते बहुतेक वेळा 'अंधार पडेल' या भीतीने.

ओढा ओलांडायचा असेल तर माझा नियम गुडघ्याचा आहे, आणि गुडघा गटातल्या सगळ्यात लहान माणसाचा. तुमच्या बाबतीत मुलीचा. वाहतं पाणी तिच्या गुडघ्याच्या वर असेल तर तुमच्या पोटरीला लागत असलं तरी तो ओढा तुमच्यासाठी बंद. तिला कडेवर किंवा खांद्यावर घेऊन ओलांडायचं नाही. तुमचा तोल जातो आणि मग दोघंही जातात. जागा निवडताना अरुंद भाग टाळा, तिथे पाणी खोल आणि जोराचं असतं. रुंद, पसरट, तळ दिसणारी जागा बघा, आणि खालच्या अंगाला धबधबा, डोह किंवा आडवं पडलेलं झाड नाही ना ते बघा. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, पडलात तर ती टाकता आली पाहिजे. काठी वरच्या अंगाला रोवा, तोंड प्रवाहाकडे, एका वेळी एकच पाय. बूट काढू नका. दोर बांधून पलीकडे जायचे व्हिडिओ बघून दोर नेणारे पुष्कळ भेटतात. ज्याला दोर वापरता येत नाही त्याच्या हातात तो फास होतो. घरी ठेवा.

पाणी अचानक गढूळ होणं, पाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागणं, आवाजात खर्ज येणं, ओल्या मातीचा वास उठणं, यातलं एकही जाणवलं तर मोजत बसू नका. उठा आणि काठ सोडून वर चढा. लोंढा यायला काही मिनिटं असतात, कधी तेवढीही नसतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते पाण्यात मधोमध एकमेकांना धरून उभे होते. तो व्हिडिओ बघितला असेल तुम्ही. रानातली अवघड वाटसुद्धा नव्हती ती.

कुंड सुंदर आहे, त्यात वाद नाही. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. वरचा काळा घट्ट कातळ झिजत नाही, त्याच्या खालचा भुसभुशीत मांजऱ्या खडक पाण्याने पोखरला जातो, म्हणून कडा उभाच्या उभा राहतो आणि पायथ्याशी पाणी खड्डा खोदत जातं. तेच ते कुंड. पाऊस ओसरला की निळं-हिरवं दिसतं. कुंडलिकेचा उगम इथलाच मानतात.

पण ज्या कारणाने कुंड झालं त्याच कारणाने त्यात पोहू नये. वरून पडणारं पाणी खाली जाऊन तळातून बाहेर ढकलतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा धारेकडे ओढतं. धारेजवळचा तो पांढरा फेस म्हणजे अर्धी हवा, त्यात शरीर तरंगत नाही. तलावात शंभर फेऱ्या मारणाऱ्यालाही तिथे हात मारून उपयोग होत नाही. शिवाय वरून दगड येतात, माकडं नुसती चालली तरी येतात. धारेखाली उभं राहायचा मोह फार होतो, मला ठाऊक आहे. काठावरच्या उथळ पाण्यात, कमरेच्या आत, धारेपासून लांब बसा. गावातले लोक लाइफ जॅकेट देतात, दोरी लावून हद्द आखतात. ती हद्द पाळा, आणि हद्द नसेल तर स्वतः आखा.

तर कधी जावं? गणपती होऊन गेल्यावर, म्हणजे सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरअखेर. ओढे आटोक्यात, धबधब्याला पाणी भरपूर, रान हिरवं. ऑक्टोबरात मात्र परतीचा पाऊस दुपारी दोननंतर गडगडाटासह येतो. त्यामुळे भिऱ्याहून सातला चालायला लागा, दहाला कुंड, साडेअकराला पाठ फिरवा. साडेअकरापर्यंत कुंडाशी पोचला नसाल तर जिथे असाल तिथून परत फिरायचं, हे घरूनच ठरवून निघा. तिथे ठरवू गेलात तर मुलगी 'थोडंच राहिलंय' म्हणेल आणि तुम्ही ऐकाल. डिसेंबरनंतर धार बारीक होते, आणि फेब्रुवारीपासून उकाडा सुरू. भिऱ्याच्या उकाड्याला कमी लेखू नका. २८ मार्च २०१७ ला तिथे ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली होती. तिन्ही बाजूंनी कडे असलेली ती दरी म्हणजे तापलेली कढई.

जून ते ऑगस्ट या काळात रायगड जिल्हा प्रशासन देवकुंड आणि आसपासच्या धबधब्यांवर बहुतेक वर्षी मनाई हुकूम काढतं. पूर्वी कलम १४४ म्हणायचो, आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ झालं. तुमच्या तारखेला तो असण्याची दाट शक्यता आहे. 'मागच्या वाटेने नेतो' म्हणणारा कुणी ना कुणी भेटतो. त्याला नमस्कार करा आणि मिसळ खाऊन परत या. मनाईमुळे गावाचं हंगामातलं उत्पन्न बुडतं, हे मला कळतं आणि सरसकट बंदी मला पटतही नाही. रोजच्या पाण्यावरून उघड-बंद ठरवता आलं असतं. पण आज नियम आहे तो आहे, आणि वर अडकलात तर तुम्हाला काढायला त्याच गावची पोरं जीव धोक्यात घालून येतात.

ऑगस्टमध्येच धबधबा बघायचा असेल तर साताऱ्याजवळ ठोसेघरला जा. समोरच्या बाजूने कठडा असलेल्या गॅलरीतून दिसतो, पाण्याला हात लागत नाही म्हणून मुलं नाराज होतात, पण दरीत पडणारं ते पाणी ऐन पावसाळ्यातच बघावं. हवामान खात्याचा इशारा तिथेही बघाच. केशरी म्हणजे चोवीस तासांत साधारण ११५ ते २०४ मिलिमीटर, लाल म्हणजे त्याहून जास्त. घाटमाथ्याचा इशारा शहरापेक्षा वेगळा दिलेला असतो, तो वाचा. 'पुणे' एवढंच बघून निघू नका.

सामानाचं फार कौतुक करू नका. बूट महत्त्वाचे: रबरी तळाचे, खोल नक्षीचे, आधी वापरलेले. शेवाळलेल्या कातळावर कुठलाही बूट घसरतो, म्हणून पावलं छोटी आणि काळ्या चकचकीत दगडाऐवजी खडबडीत दगडावर. जीन्स नको, भिजली की दोन किलोची होते. माणशी दोन लिटर पाणी, ओआरएस, गूळ-शेंगदाणे, थालीपीठ, मुलीला दर पाऊण तासाने काहीतरी चघळायला. शिट्टी तिच्या गळ्यात असू द्या आणि तीन वेळा वाजवली म्हणजे 'थांबा' एवढं ठरवून ठेवा. क्रेप बँडेज, कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत. फोनला रानात रेंज नसते, त्यामुळे किती वाजता परतणार हे घरी आणि गावात दोन्हीकडे सांगून जा. रेंज येईल तिथून ११२. मोठं रुग्णालय म्हणजे माणगावचं उपजिल्हा रुग्णालय, तेही गाडी गावात असताना जवळ वाटतं.

प्राण्यांची भीती बाळगू नका, पण धोंड्यांच्या फटींत न बघता हात घालू नका. फुरसं आणि घोणस दोन्ही कोकणात आहेत, आणि लाल विंचू तर आहेच. एके काळी त्याच्या दंशाने या भागात मुलं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून ते प्रमाण खाली आणलं. काही चावलंच तर चोखणं, कापणं, दोरी आवळणं काहीही न करता, अवयव स्थिर ठेवून, माणसाला उचलून खाली आणायचं. त्याहून जास्त शक्यता खाजकुइलीची आहे. नोव्हेंबरपासून तिच्या मखमली शेंगा वाटेवर लोंबतात आणि मुलांना त्या हटकून हातात घ्याव्याशा वाटतात. लेकीला आधीच दाखवून ठेवा. शेकरू दिसलं तर मात्र सगळ्यांनी थांबा, ते पाच मिनिटं तुम्हाला वरून न्याहाळतं.

गावातला वाटाड्या घ्या. नुसता वाटेसाठी नाही, वाट तर हंगामात माणसांच्या रांगेमुळेच सापडते. त्याला कालचा ओढा माहीत असतो. आदल्या संध्याकाळी त्याला फोन करा आणि 'धबधबा चालू आहे का' असं विचारू नका, तो हो म्हणणारच. 'आज परतीला ओढ्याला किती पाणी होतं आणि वर पाऊस किती वाजता झाला' एवढं विचारा. 'मांडीएवढं, तीनला' असं उत्तर आलं तर सकाळचा गजर बंद करून झोपा आणि पुढचा शुक्रवार बघा. शनिवारी तसंही त्या अरुंद वाटेवर रांग लागते.